उकर्ड्याच्या कोऱ्या चिलमी

शेषराव कुंभाराचं तोंड फार वाईट. वरवट बकालात कोणालाही विचारलं असतं तरी त्याने हेच सांगितलं असतं, आणि सांगता सांगता हसलाही असता. मडकं घ्यायला आलेल्या बाईने ते बोटाने दोनदा वाजवून पाहिलं की हा चाकावरूनच ओरडायचा, "वाजवाले तो तबला हाय काय वं? न्यायचं तं ने, नाई तं ठेव तठीच!" बाया तोंड वाकडं करायच्या आणि मडकं घेऊन जायच्या. दुसरीकडे जाऊन करणार काय? त्याच्यासारखं पक्कं भाजलेलं मडकं आसपासच्या दहा गावांत मिळत नव्हतं.

एकदा त्याने नांदुऱ्याच्या एका सरकीवाल्या व्यापाऱ्याला माठ विकला होता. चार-सहा महिन्यांनी हा काही कामाने त्या घरावरून गेला, तर माठ बैठकीत ठेवलेला, चुन्याची नक्षी काढलेला, आणि आत कागदाची फुलं! झालं. शेषरावाने फुलं उपटून गादीवर ठेवली, माठ काखेत मारला आणि स्टेशनच्या रस्त्याने चालू लागला. मागून व्यापाऱ्याचा गडी धावत आला. "अबे, पैशे देल्ले ना त्याचे!"

"पान्याच्या माठाचे देल्ले," शेषराव म्हणाला. "फुलाच्या माठाचे नाई."

व्यापाऱ्याच्या बायकोने त्याच्यासमोर माठात दोन घागरी पाणी ओतलं, तेव्हा कुठे स्वारी शांत झाली. ज्या भांड्यात काही भरत नाही, काही शिजत नाही, ते भांडं म्हणजे मढं, असं त्याचं म्हणणं. आणि अशा माणसाने पुढे काय करावं? जाऊ द्या, ते ओघाने येईलच.

त्याचं खरं नाव होतं चिलमीत. हा सगळा मुलूख खाऱ्या पाण्याचा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. त्या पाण्याने माती तुडवली की भांड्याला दोन पावसाळ्यांत पांढरं मीठ फुटतं आणि मग पापुद्रे सुटतात. म्हणून शेषराव गाढवावर डबे लादून दीड कोसावरून वान नदीचं गोडं पाणी आणायचा, आणि त्याच पाण्याने माती कालवायचा. त्याची चिलीम पातळ, हलकी, हातात घेतली तरी वजन कळायचं नाही. सोनाळ्याच्या यात्रेत दुपारपर्यंत त्याचं टोपलं रिकामं व्हायचं.

या चिलमींचा पारखी एकच, वाहेद पिंजारी. गाद्या-रजया भरणारा वाहेद आणि शेषराव लहानपणापासूनचे सोबती. सांज झाली की दोघं शेषरावाच्या अंगणातल्या लिंबाखाली बसायचे. शेषराव वाहेदच्या घरचं पाणी पीत नव्हता, आणि वाहेदनेही कधी आग्रह केला नाही. पण चिलीम दोघांत फिरायची. चिलमीच्या तोंडाला गुंडाळायचं ओलं फडकं, छापी, ज्याची त्याची वेगळी, एवढंच. आणि प्रत्येक आव्यातली, म्हणजे भट्टीतली, पहिली चिलीम वाहेदची. तो ती राखेतून कोमट असतानाच उचलायचा, रिकामीच ओठाला लावायचा, काठावरून जीभ फिरवायचा, डोळे मिटून कोरा दम घ्यायचा आणि मग निकाल द्यायचा. "गोड हाय बे," म्हणाला की माल बाजारात जायचा. "आच कमी पडली," म्हणाला की शेषराव त्याला दहा शिव्या हासडायचा आणि सगळा आवा पुन्हा भाजायचा. हा कायदा कोणी केला, कधी केला, दोघांनाही सांगता आलं नसतं.

शेषरावाला एकच मुलगा, उकर्डा. त्याच्या आधीची तीन लेकरं तानुबाईच्या मांडीवरच गेली होती. म्हणून हा जन्मला तेव्हा तिने त्याला न्हाऊ घालायच्या आधी उकिरड्यावर नेऊन ठेवलं आणि शेजारणीकडून टाकलेलं पोर म्हणून उचलून आणवलं. मरणाला वाटावं, कचरा आहे, याला काय न्यायचं. नावही तेच ठेवलं. उकर्डा वाढला, धडधाकट झाला, आणि वीस वर्षांचा होईतो त्याचा हात बापाच्या पुढे गेला. शेषरावाला हे दिसत होतं. तोंडाने मात्र तो एवढंच म्हणायचा, "बरी करते पोट्टं." वाहेदपाशी एकदा बोलून गेला होता, "माह्या चिलमीत मी दिसतो, त्याच्या चिलमीत नुसती चिलीम दिसते." पोराच्या तोंडावर हे एकदा तरी बोलायला काय झालं होतं? पण नाही बोलला.

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. दसरा झाला आणि शेषरावाला हिवतापाने धरलं. एक दिवसाआड हाडं खिळखिळी करणारी थंडी. यात्रा तोंडावर आलेली. बिडीने गावोगाव चिलमीचं गिऱ्हाईक आधीच तोडलं होतं, आता यात्राही हातची जाते की काय, अशी वेळ. तेव्हा उकर्ड्याने पहिल्यांदाच सगळं एकट्याने केलं. माती त्याने तुडवली, चाकावर तो बसला, दोन विसा, म्हणजे चाळीस चिलमी वाळवून आवा त्यानेच रचला आणि पेटवला. आवा थंड व्हायला दोन दिवस लागतात. तोवर दिवाळीच्या पणत्यांसाठी माती आणतो म्हणाला आणि गाढव घेऊन नदीकाठच्या खाणीवर गेला. त्या साली पाऊस उशिरापर्यंत लांबला होता. दरड आतून पोखरलेली, वर हिरवी हराळी, काय दिसणार? माती अंगावर आली. गाढव एकटंच घरी परतलं.

आवा तसाच राहिला. पाचव्या दिवशी शेषरावाने तो उघडला. राख बाजूला केली, आणि बघतच राहिला. एक वाकडी नाही, एक फुटलेली नाही, एकीवर काळा डाग नाही. असा आवा शेषरावाला उभ्या जन्मात साधला नव्हता. ज्याने घातला त्याने तो पाहिलाही नाही. शेषराव तिथेच बसला आणि मग उठून राखेने भरलेलं तोंड धुवायला गेला.

तेरवी झाली त्या सांजेला वाहेद आला. लिंबाखाली बसला. 

"शेषू," वाहेद म्हणाला, "आवा निघाला ना?"

"हाव."

"मंग दे. पह्यली दे."

शेषराव जमिनीकडे बघत म्हणाला, "त्या ओढायच्या नाईत. त्या ठेवायच्या हायेत."

"ठेवायच्या?" वाहेदला खरंच कळलं नाही. "तू ठेवशीन? शेषू, पोट्ट्याचा पह्यला आवा हाय. मी तोंडाले नाई लावली तं कोन सांगन त्याले, कसा झाला म्हनून?"

"कोनाले सांगतं? कोन हाय ऐकाले?" शेषरावाचा आवाज चढला. "तुले चार पोट्टे हायेत. तुले काय समजते बे?"

बोलला आणि त्याचं त्यालाच लागलं. पण तोंडातून गेलेलं परत येतं थोडंच! वाहेद उठला. खांद्यावरची छापी त्याने झटकली, घडी केली, खिशात घातली. "समजते," एवढंच म्हणाला आणि गेला. त्यानंतर तो त्या लिंबाखाली आला नाही.

शेषरावाने एक मोठा डेरा घेतला. तळाला भुसा घातला, चिलमी न मोजताच एकेक करून त्यात मांडल्या, वर पुन्हा भुसा. तोंडावर परळ ठेवून ते मातीने लिंपून टाकलं. पण ठेवायचा कुठे? फळीवर ठेवला तर मांजर पाडेल. शिंक्यात ठेवला तर दोरी तुटेल. शेवटी मधल्या घरात खड्डा खणला आणि डेरा गळ्यापर्यंत जमिनीत पुरला. वरून जमीन सारवली, त्यावर धान्याची कणगी ओढली. आता काही होत नाही, असं त्याने स्वतःला चार वेळा सांगितलं.

तानुबाई हे सगळं उंबऱ्यात बसून बघत होती. "पोराच्या हातचं हाय," ती म्हणाली. "रोज हाती घ्या, ओढा. रोज त्याचा हात लागन तुमच्या हाताले."

"अन फुटली मंग?"

"फुटू द्या. दुसरी घ्या. दोन विसा हायेत."

"अन त्या सरल्या मंग? मंग काय कराचं? बोल ना!"

"अवो, पोट्टा सरला," तानुबाई म्हणाली. "चिलमीचं काय घेऊन बसले?"

शेषरावाने हातातलं खोरं भिंतीवर फेकलं. आठ-पंधरा दिवस असंच चाललं. मग तिने विषय काढणं सोडून दिलं. शेषरावाला वाटलं, पटलं असेल हिला.

त्याने चिलीमच सोडली. स्वतःच्या हातच्या चार-दोन जुन्या होत्या, त्या ओट्यावरून खाली टाकून फोडल्या, आणि लाज सोडून बिडी ओढू लागला. ज्या बिडीच्या नावाने दहा वर्षं बोटं मोडली तीच! मडकी करायचा, पणत्या करायचा, पण चिलीम पुन्हा चाकावर काढली नाही. बाया मडकं वाजवून बघत, हा बोलत नसे. बायांनाच कसंतरी व्हायचं. एखादी मुद्दाम तीनदा वाजवायची, म्हातारा ओरडतो का बघायला. तो मान खाली घालून चाक फिरवत राहायचा.

कधीमधी, तानुबाई घरात नसताना, तो कणगीपाशी जाऊन बसायचा. कणगी सरकवायचा नाही, उकरायचा नाही. खाली पोराच्या हातचं शाबूत आहे, एवढ्यावर त्याचा दिवस जायचा. आहे, बाबा, आहे. गावात कोणाचं काय आहे, आपलं हे आहे. असं तीन वर्षं चाललं.

तिसऱ्या श्रावणात वाहेद आजारी पडल्याचं कानावर आलं. छातीत कापसाची धूळ बसलेली, खोकला सुटत नव्हता. शेषराव रोज ठरवायचा, उद्या जातो. वाहेदच्या गल्लीच्या तोंडापर्यंत दोनदा गेलाही, आणि परत फिरला. काय तोंड घेऊन जाणार? आणि गेलो तर तो पहिली चिलीम मागेल, मग काय करणार? माणूस मरायला टेकलाय आणि याच्या डोक्यात चिलीम! एका शुक्रवारी सकाळी वाहेद गेला.

मातीला शेषराव गेला. लांब उभा राहिला. सगळ्यांच्या मागून तीन मुठी माती टाकली. परतताना वाहेदच्या दारावरून जात होता, तेव्हा पडद्याआडून वाहेदच्या बायकोचा, अमीनाचा, आवाज आला.

"शेषरावभाई, एक पुसाचं होतं. ते आखरीतक इचारत होते. उकर्ड्याचा आवा कसा निघाला म्हनून. कोनाले ठाऊकच नोहतं, काय सांगाचं? कसा निघाला होता?"

"चांगला," शेषराव म्हणाला.  तो तसाच निघाला. वाटेत एका कुंपणाला धरून उभा राहिला आणि धाय मोकलून रडला. वाहेदसाठी रडला की पोरासाठी, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तानुबाई पाण्याला गेली तेव्हा त्याने कणगी सरकवली. ठरवलं होतं, एक काढायची. वाहेदच्या नावाने पहिला दम आपण घ्यायचा, मग ती अमीनाकडे नेऊन द्यायची. आणि बाकीच्या वापरायच्या. रोज एक हातात घ्यायची, फुटेल तेव्हा फुटेल. तानुबाई म्हणत होती तेच खरं होतं. त्याला एकाएकी हलकं वाटलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. माती उकरताना तो तोंडातल्या तोंडात पोराशी बोलतही होता.

परळ निघाला. भुसा ओला आणि काळा झालेला. त्याने हात घातला आणि पहिली चिलीम वर काढली.

ती पांढरी होती. आधी त्याला वाटलं बुरशी आहे. अंगठ्याने पुसली, तर अंगठ्याबरोबर चिलमीचा पापुद्रा निघाला. दुसरी काढली, ती हातातच दुभंगली. तिसरी भुशातून उचलताच चुरा झाली. त्याने तो पांढरा थर जिभेला लावला. मीठ.

मग त्याला आठवलं. हिवतापाची थंडी भरलेली, अंगावर दोन गोधड्या, आणि दारात उकर्डा. "बाबा, वानेले पूर हाय. पानी लय गढूय हाय. दोन दिस थांबू काय?" आणि गोधडीच्या आतून आपण खेकसलो होतो, "इहिरीचं घे ना बे! चिलीम हाय ते, रांजन नोहे. दोन महिन्यात फुटते. तिले खार लागाले टाईम कुठी भेटते?"

बरोबरच होतं की ते. कोणत्याही कुंभाराने हेच सांगितलं असतं. रोज विस्तव पोटात घेणाऱ्या वस्तूला मीठ फुटत नाही, त्याच्या आधी ती फुटून जाते. ओढायच्या चिलमीसाठी ते बरोबर होतं. आणि याने त्या ठेवल्या होत्या, ओल्या जमिनीत, खाऱ्या मातीत, गळ्यापर्यंत पुरून!

वाहेदच्या जिभेला पहिल्या क्षणात कळलं असतं. "खार हाय बे," म्हणाला असता. शेषरावाने त्याला दहा शिव्या दिल्या असत्या आणि सगळ्या चिलमी वानेच्या पाण्यात भिजत घातल्या असत्या. आठ दिवस पाणी बदललं असतं, मग चुलीमागे वाळवल्या असत्या. खार उतरला असता. पुढे जपायच्या तर जपल्याही असत्या, जन्मभर राहिल्या असत्या. एवढंच करायचं होतं.

त्याने डेऱ्याच्या तळापर्यंत हात घातला. एक धड निघेल, एखादी तरी निघेल. एक निघत नव्हती. भुसा, चुरा, मीठ. तो चुरा नव्या मातीत मिसळावा म्हटलं, जुनी फुटकी भांडी कुटून तो नेहमी मिसळायचा, तर त्या मातीलाही खार लागणार. पोराच्या हातचं काही काही वापरता येत नव्हतं. शेषराव खड्ड्याच्या कडेला, मांडीवर तुकडे घेऊन बसून राहिला.

तानुबाई घागर घेऊन आत आली. तिने खड्डा पाहिला, तुकडे पाहिले. शेषरावाने मान वर केली नाही. आता ही ऊर बडवेल, शिव्या देईल. देऊ दे, त्याला वाटलं, कोणीतरी द्यायलाच हव्यात.

पण तिने घागर ठेवली, मागच्या गोवऱ्यांच्या खोपटात गेली आणि पदराआड काहीतरी घेऊन परत आली. त्याच्यासमोर बसून पदर बाजूला केला. चिलीम होती. आतून-बाहेरून धुराने काळी झालेली, काठावर एक लहानसा टवका उडालेला. पण अख्खी. तो घाट शेषरावाने अंधारातही ओळखला असता.

"कवा घेतली?" त्याने विचारलं.

"आवा उघडला तई. तुमी तोंड धुवाले गेलते."

"तवापासून..."

"तुमी घराभाईर गेले का मी ओढो. खोपटात बसून, जपून." ती शांतपणे सांगत होती. "मी दाढेले तमाकू लावतो, ते तुमाले माहीत होतं. हे नोहतं माहीत."

"मले काऊन नाई सांगतलं वं?"

"ओढू देल्ली असती काय?"

 तीन वर्षं या घरात तो एका बंद डेऱ्यावर जगत होता, आणि मागच्या खोपटात ती रोज पोराला हातात घेत होती. शेषरावाला तिचा राग आला, हेवा वाटला, आणि त्या दोन्हींची लाज वाटली. मग त्याने विचारलं, "कसा लागला?"

"काय?"

"पह्यला दम. कसा लागला होता?"

तानुबाईने चिलमीकडे पाहिलं. "खारट लागला," ती म्हणाली. "मले वाटलं, मी रडून राह्यली म्हनून."

शेषरावाने डोळे मिटून घेतले. मग म्हणाला, "भर."

तिने कनवटीची तमाकू काढली, चिलीम भरली, चुलीतला विस्तव चिमट्याने वर ठेवला. त्याने छापी मागितली नाही. चिलीम उघडीच ओठाला लावली, काठावरून जीभ फिरवली आणि दम घेतला. कडू तमाकू. धूर. त्याने पुन्हा जीभ फिरवली, टवका उडालेल्या जागेवरूनही फिरवली, पुन्हा ओढली.

"नाई लागत," तो म्हणाला.

"आता कुठी लागते? गेला तो खार पह्यल्याच सालात."

तरी तो ओढत राहिला. विस्तव लाल झाला, त्याच्या ओठाला चटका बसला, जीभ पोळली. खारट काही लागेना. जे काही होतं ते तानुबाईने एकटीने, रोज थोडं थोडं, ओढून संपवलं होतं. त्याच्या वाट्याला काहीच ठेवलेलं नव्हतं, आणि तो तिला बोल तरी कोणत्या तोंडाने लावणार?

तानुबाईने मग हात पुढे केला.

"द्या इकडं," ती म्हणाली. "इझन तो विस्तव."

त्याने दिली.